ज्याचा काप त्याची सही

८ मार्च

डावरे,

फोन उचलत नाहीस, निरोपांना उत्तर देत नाहीस, म्हणून पत्र लिहायला बसले. पत्राचं एक बरं असतं, मध्येच बंद करता येत नाही.

इकडे सगळं ठीक. आईचे कान आता पुरते गेले. काल विचारलं, "गोळी घेतलीस का?" तर उठून दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "कोण आलंय?" हल्ली तिला प्रत्येक वाक्यात कोणीतरी आल्यासारखं वाटतं. कोण, ते तुला सांगायला नको.

लिहायचं कारण वेगळंच आहे. पाच तारखेला किनाऱ्यावर माकूळ वाहून आले. बर्फाच्या कारखान्यातले काका सायकल दामटत थेट घरी. धाप लागलेली, तरी थट्टा सुटत नाही. "चल लवकर, तुझे दहा हातांचे पाहुणे आलेत!" आईचा चहा तसाच ठेवून मी निघाले.

खडकांपलीकडच्या पट्टीवर, भरतीच्या रेषेला धरून पडले होते. बहुतेक गेलेले. पण माकूळ मेला तरी त्याच्या कातडीला ते लगेच कळत नाही, तुला माहीत आहे. अंगावरचे तांबडे ठिपके उघडत होते, मिटत होते. एकाच्या पाठीवरून मी बोट फिरवलं तर बोटामागून तांबडी रेघ उमटत गेली आणि पुसली गेली. डोळे मात्र सताड उघडे. लहानपणी तू त्या डोळ्यांवर वाळू टाकायचीस. म्हणायचीस, "ताई, तो बघतोय. त्याला सांग ना, नको बघू."

गुडघाभर पाण्यात चार-पाच जिवंत होते. ते पुढे जात नव्हते आणि मागेही जात नव्हते, जागच्या जागी गोल फिरत होते. एकाला दोन्ही हातांनी धरून खोल पाण्यात सोडलं, तर फिरत फिरत पुन्हा माझ्याच पायाशी. माझ्या तळव्यावर शाई सोडली आणि गप्प झाला. ती शाई अजून माझ्या नखांत आहे.

गेले पंधरा दिवस ते सर्वेक्षणाचं जहाज समोर आहे. तळाखाली तेल सापडतं का बघायला पाण्यात आवाजाचे बार काढतात. आपल्याला वर काही ऐकू येत नाही. पण पाण्याखाली राहणाऱ्याचं काय होत असेल ते या माकुळांकडे बघून कळतं. त्यांचा तोलच गेलेला. काही माद्यांची पोटं चिरून बघितली. अंड्यांनी गच्च भरलेल्या. अंडी घालून झाल्यावर माकूळ मरतो हे आपण दरवर्षी बघतो, पण तेव्हा पोट रिकामं असतं आणि मांस भिजलेल्या कागदासारखं. या तर भरल्या पोटी गेल्या.

किती होते ते नंतर लिहीन. आधी तुझं सांग. सध्या कुठे असतेस? मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रवासात होतीस का? सहज विचारते आहे, आईला सांगायला. आपल्या किनाऱ्यावर शेवटची कधी उतरलीस, आठवतं का तुला?

उत्तर लिही. दोन ओळी चालतील.

तुझी ताई

१६ मार्च

डावरे,

दोन ओळी म्हटलं होतं, तू दयाळू, अडीच लिहिल्यास. "कामाचा डोंगर आहे. तीन वर्षांत तिकडे फिरकायला जमलं नाही, आईला म्हणावं रागावू नको. माकुळांचं वाचून वाईट वाटलं." आईला वाचून दाखवलं, म्हणजे ओरडून दाखवलं. ती म्हणाली, "बघ, नाहीच जमलं तिला. आली असती तर मला भेटल्याशिवाय गेली असती का?"

आता मी तिला काय सांगू ते तूच सांग. कारण तू आली होतीस.

मला कोणी सांगितलं नाही. कोणी तुला बघितलं असेल तर माझ्यापाशी बोललेलं नाही. माकुळांनी सांगितलं. त्या पट्टीवर पडलेल्या प्रत्येकाच्या शेपटीकडच्या डाव्या पंखाचा कोपरा कापलेला होता. एकही सुटलेला नव्हता.

मला वाटलं, मी झोपेत आहे. बाबांनी आपल्याला मोजायला शिकवलं तो दिवस आठवला. भरती मेलेले प्राणी नेते आणि दुसरीकडे परत आणून टाकते, म्हणून मोजला की डाव्या पंखाचा कोपरा कापायचा, म्हणजे तोच पुन्हा मोजला जात नाही. कात्री आईची, काजं करायची. आणि त्यांचा नियम: ज्याचा काप, त्याची सही. कापलंस म्हणजे बघितलंस, बघितलंस म्हणजे रजिस्टरात नाव घाल, मग साहेब येवोत नाहीतर साहेबांचा बाप. असं मोजणारी माणसं जगात तीन होती. बाबा गेले, दोन राहिल्या.

आणि त्या दोघींचा काप वेगळा आहे. माझा शेपटीकडे उतरतो. तू डाव्या हाताची, तुझा डोक्याकडे चढतो. बाबा रजिस्टर न उघडता नुसता माकूळ बघून सांगायचे, हा थोरलीचा आणि हा डावरीचा. तिथे होते दोनशे तेरा आणि दोनशे तेराच्या दोनशे तेरा काप डोक्याकडे चढलेले.

म्हणजे पहाटे आलीस, मी आईचा चहा करून सातला निघते हे माहीत असल्यामुळे सातच्या आत उरकलंस. दोनशे तेरा वेळा खाली वाकलीस. घर तिथून दहा मिनिटांवर. बसायचंही नव्हतं गं, नुसतं दारातून तोंड दाखवलं असतंस तरी म्हातारी वर्षभर त्यावर जगली असती.

बाबांच्या तेराव्या दिवशी आपलं भांडण झालं, मान्य. तू म्हणालीस, रजिस्टरं मी माझ्या प्रयोगशाळेत घेऊन जाते, इथे वाळवी खाईल. मी म्हटलं, रजिस्टरं इथल्या मत्स्य संशोधन केंद्राची आहेत, केंद्रातच राहतील. तू म्हणालीस, "तुला त्यातलं कळतं काय?" मी ते विसरले होते. म्हणजे विसरले नव्हते, पण बाजूला ठेवलं होतं.

आता माझं सांगते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ते काप बघून माझ्या मनात आलं, ही काहीतरी लपूनछपून करते आहे, वरच्या साहेबांचं काम असेल, कोणाला कळलं तर हिच्या अंगावर येईल. आपल्या गावात तुझा काप ओळखणारं दुसरं कोण आहे? कोणी नाही. तरी मी वाळूत बसले, कात्री काढली आणि एकेकाचा पंख पुन्हा कापला. मोठा काप घेतला, तुझी खूण पूर्ण जाईल असा. अकरा वाजेपर्यंत तेच केलं, अंगठ्याला फोड आला. लहानपणी तू काच फोडायचीस आणि माझ्याकडे बघायचीस, की मी आपली म्हणायचे, "बाबा, माझ्या हातून." तसंच झालं. या वेळी तर तू बघितलंही नव्हतंस.

दोनशे बारा कापले. एक ठेवला. फॉर्मालिनमध्ये घातला, नमुनाखोलीतल्या कपाटात सगळ्यात मागे. का ठेवला विचारू नकोस.

रजिस्टरात लिहिलं: माकूळ, २१३, माद्या बहुतांश, अंडी पोटात. मोजणारा हा रकाना कोरा सोडला आहे. कोरा रकाना बघून माझं डोकं उठतं.

कशासाठी आली होतीस, एवढं लिही. मी रागावणार नाही. रागावले तर रागावले, पण लिही.

ताई

२ एप्रिल

डॉक्टरबाई,

आपला अहवाल केंद्राला मिळाला. परिचरांना असले कागद दाखवत नाहीत, पण टपाल फोडायचं काम परिचराचंच असतं.

"दि. ६ मार्च रोजी माझ्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत एकूण ४० स्क्विड आढळले." चाळीस! पाच तारखेला स्वतःच्या हाताने दोनशे तेरा कापलेस, आणि सहकाऱ्यांना सहा तारखेला चाळीस? उरलेले काय पायांनी चालत घरी गेले? पुढे: "अंडी घालून झाल्यानंतरचा नैसर्गिक मृत्यू. सर्वेक्षणाशी संबंध नाही." मग ज्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे ते वाक्य: "स्थानिक केंद्रातील नोंदी अनेक वर्षे अप्रशिक्षित परिचराने ठेवलेल्या असल्यामुळे त्या ग्राह्य धरू नयेत."

मी ते वाक्य उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. मग कपाटाजवळ जाऊन रजिस्टरांच्या पाठी बघत बसले. चौतीस वर्षांची चौतीस, त्यातली पहिली बावीस बाबांची आहेत. "अप्रशिक्षित परिचर" म्हणजे तेसुद्धा, लक्षात आलं का लिहिताना? मला धुतलंस ते धुतलंस, बापालाही त्याच पाण्यात बुचकळून काढलंस. तुझी सगळी पदवी ज्यावर उभी आहे तो मोठा निबंध कुठल्या रजिस्टरांतून उतरवलास गं? तेव्हा ग्राह्य होत्या ना नोंदी? मांडीवर रजिस्टर घेऊन, खारे दाणे खात उतरवत होतीस, पानांवर अजून मीठ आहे.

आपलेच दात नि आपलेच ओठ, म्हणून मी गप्प बसले. तुझी खूण पुसली. एकेक पंख कापून दोनशे बारा साक्षीदार मीच मुके केले, आणि तू मागून येऊन म्हणतेस की हिच्या शब्दाला किंमत नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. एवढी वर्षं नुसतं ऐकलं होतं.

कारखान्यातल्या काकांच्या पुतण्याने फोनवर तुझ्या नव्या प्रयोगशाळेचा फोटो दाखवला. चार मजली आहे. दारावर जहाजवाल्या कंपनीची पाटी आहे, तुझ्या नावाच्या पाटीपेक्षा मोठी. छान आहे इमारत. खिडक्या खूप आहेत.

अठरा तारखेला चौकशी अधिकाऱ्यांसमोर सुनावणी आहे. माकुळांच्या तक्रारीनंतर थांबवलेलं सर्वेक्षण पुन्हा सुरू करायचं की नाही, त्याची. मलाही बोलावणं आलंय. तुझा अहवाल खरा ठरला तर एकोणिसापासून पुन्हा बार सुरू, आणि रजिस्टरं रद्दीत. मी एक बाटली घेऊन जाणार आहे. त्यात काय आहे ते तुला ठाऊक आहे.

प्रयोगशाळा परिचर (अप्रशिक्षित)

७ एप्रिल

डावरे,

तुझा काल फोन आला आणि मी अख्खा दिवस वेड्यासारखी हसत होते. आईने विचारलं, "कोण आलंय?" पहिल्यांदा तिचं बरोबर होतं.

तू रडलीस ते मला सहन झालं नाही. पत्रात काय काय लिहून बसले मी! जीभ माझी आधीपासून तिखट, बाबा म्हणायचे हिच्या तोंडाला मासळी ठेवली तर आपोआप खारवेल. ते सगळं फाडून टाक.

तू म्हणालीस तेच खरं. मी बाटली घेऊन उभी राहिले तर बहिणीने बहिणीला पकडून दिलं असं होईल, आणि तू स्वतःहून बाटली पुढे ठेवलीस तर चूक सुधारली असं होईल. "ताई, माझ्या हातून होऊ दे. मीच साहेबांना सांगते की मी पाच तारखेला तिथे होते." हे वाक्य मी आईला चार वेळा ओरडून सांगितलं. शेजारणीने भिंतीवर थाप मारली.

तेव्हा बाटली या पत्रासोबत पाठवते आहे. लाकडी खोक्यात, भुशात बसवून, काकांनी स्वतः खिळे ठोकले. माकूळ जसा होता तसाच आहे. पोट चिरलेलं आहे, अंडी दिसतात. काप तुझा आहे. लेबलवर तारीख आणि जागा मी लिहिली आहे. "एकूण" आणि "मोजणारा" हे दोन रकाने कोरे ठेवलेत, ते तू भर. रजिस्टरातला रकानाही तुझ्यासाठीच कोरा ठेवला आहे, सुनावणीनंतर घरी येशील तेव्हा सही कर.

येशील ना? अठराला सुनावणी संपली की तिथून घर किती लांब! आईने तुझ्या जुन्या उशीचा अभ्रा धुवून वाळत घातला आहे. अजून अकरा दिवस आहेत म्हटलं तर म्हणाली, "तुला काय जातंय, वाळू दे."

माझ्याकडे आता दुसरा पुरावा नाही हे तुला माहीत आहे. असू दे. तुझ्याकडे आहे म्हणजे घरातच आहे.

तुझी ताई

१३ एप्रिल

डावरे, खोकं पोचलं का? पोस्टात विचारलं तर म्हणाले, दहा तारखेलाच सही करून घेतलंय. मग एक फोन तरी. काच फुटली नाही ना?

ताई

१९ एप्रिल

डावरे,

तू काल तिथे होतीस, तेव्हा तुला काय सांगायचं, असं म्हणशील. पण तू सारा वेळ टेबलाकडे बघत होतीस. वर काय चाललं होतं ते माझ्याकडून ऐक.

मी आत आले तेव्हा बाटली साहेबांच्या समोर होती. म्हटलं, दिलीन हो पोरीने. शब्द पाळलान. मागच्या बाकावर काकांच्या शेजारी बसले आणि त्यांना कोपराने ढोसून दाखवली.

मग तुमचे वकील उठले आणि म्हणाले, परिचरबाईंच्या स्वतःच्या नमुन्यावर त्यांच्याच हातचं लेबल आहे, वाचतो. एकूण: चाळीस. मोजणारा: आणि माझं नाव. तू स्वतःचं नाव लिहिशील म्हणून मी कोरी सोडलेली जागा, त्यात माझं नाव.

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, ते चुकीचं वाचतायत. साहेबांनी बाटली माझ्या हातात दिली. "तुमचीच ना?" मी म्हटलं, "हो, माझीच." ते म्हणाले, "मग रजिस्टरात दोनशे तेरा कसे? कोणता आकडा खरा?" वकील हसले. मी लेबल बघत होते. तारीख माझी. खाली तुझं अक्षर, माझ्यासारखं काढलेलं. चांगलं काढलं होतंस. दोघींना एकाच माणसाने पाटीवर गिरवायला लावलं, जमणारच. पोट रिकामं केलं होतंस. पंखावर नवा मोठा काप होता, जुना गिळून टाकणारा. माझ्याकडूनच शिकलीस, मीच पत्रात सगळं कबूल केलं होतं. अंडी घालून मेलेला एक माकूळ, चाळिसांपैकी, मोजणारी मी.

डावरे, खोटा अहवाल मी समजू शकते. वर साहेब असतात, इमारती असतात, माणूस घसरतं. पण त्या खोट्यावर तू माझ्या नावाने सही केलीस, आणि त्यासाठी फोनवर रडलीस. मी अख्खा दिवस हसत होते त्या फोनवर.

मी बाटली उजेडाकडे धरून हलवली. तळाशी पाच-सहा अंडी लोळत होती. पोट रिकामं केलं की बाटली धुवायची असते. बाबांनी शिकवलं होतं, तू खारे दाणे खात असशील. साहेबांना दाखवली. वकील म्हणाले, फेस असेल. साहेबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "फेस तळाशी लोळत नाही, असू द्या इथेच."

मग मी काप नीट बघितला. मोठा होता, पण डोक्याकडे चढलेला. वेडे, माझी खूण करायची तर माकूळ उलटा धरून कापायला हवा होतास. हात आपल्या वळणावर गेला तुझा.

मी साहेबांकडे कात्री मागितली. समन्सच्या पाठीवर माकूळ काढला आणि उजव्या हाताने पंखाचा कोपरा कापला. तो कागद बाटलीला लावून धरला. म्हटलं, "साहेब, मी चौतीस वर्षांत एवढाच काप शिकले आहे. हा खाली जातो, बाटलीतला वर जातो. ही बाटली माझी आहे, पण हा काप माझा नाही." साहेब दोन्हीकडे आलटून पालटून बघत राहिले आणि विचारलं, "मग कोणाचा?"

खरं सांगते, तिथपर्यंत येऊनही माझी जीभ उचलेना. तेवढ्यात त्यांनी कात्री तुझ्याकडे सरकवली, सहज म्हणून. "डॉक्टर, तुम्ही दाखवता का, कसा कापतात?"

आणि तू कात्री उजव्या हाताने उचललीस.

आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. अंगठा शिरेना, कागद चुरगळला, पातं नुसतं चावत राहिलं. तुझे कान लाल झाले. मला इतकं वाईट वाटलं की मी उठून तुझ्या हातातून कात्री घेणार होते. पण मागून काकांचा आवाज आला, त्यांना हळू बोलता कुठे येतं, "अहो साहेब, ती डावरी आहे! शाळेपासनं! फळा उलटा पुसायची!"

सगळे हसले. शिपाईसुद्धा. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही डाव्या हाताने काम करता?"

तेव्हा तू वर बघितलंस, त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. काच फुटल्यावर बघायचीस तसं, अगदी तसंच, खालचा ओठ आत घेऊन.

मी म्हटलं, "साहेब, काप तिचा आहे. माझ्या हातून काही झालेलं नाही." एवढं बोलून मी थांबायला हवं होतं, पण ते पूर्ण खरं नव्हतं. म्हणून पुढचंही सांगितलं. पाच तारखेला दोनशे तेरावर हिची खूण होती आणि दोनशे बारांवरची मी पुसली, बहीण म्हणून. वकिलांनी ते पटकन लिहून घेतलं.

निकाल तुला कळलाच असेल. नव्याने मोजणी होईपर्यंत जहाज बंद, तुझा अहवाल बाजूला, बाबांची आणि माझी रजिस्टरं ताब्यात, वाचण्यासाठी, रद्दीसाठी नाही. आणि पुरावा बिघडवल्याबद्दल मी निलंबित. बरोबरच आहे. नवी मोजणी दुसरं कोणी करेल. मी पट्टीवर फिरायला जाऊ शकते, कात्री नेऊ शकत नाही.

आज सकाळी किल्ल्या द्यायला गेले तेव्हा रजिस्टर नेणारा माणूस यायचा होता. पाच मार्चचं पान उघडलं. मोजणारा हा रकाना दीड महिना कोरा होता. ज्याचा काप त्याची सही, पण दुसऱ्याची सही करणं मला जमत नाही, ते तुझं काम. मी नुसतं नाव लिहिलं. डॉक्टर लिहिलं नाही. बाबा लिहायचे तसं लिहिलं: डावरी.

यापुढे मी पत्र लिहिणार नाही. तू लिहिलंस तर वाचेन, पण काच कोणाच्या हातून फुटली ते त्यात असेल तरच.

आणखी एक. सुनावणी संपल्यावर तू मागच्या दाराने गाडीत बसलीस. मी घरी गेले तर आई दारात खुर्ची टाकून बसली होती, उशीला अभ्रा घातलेला. म्हणाली, "कोण आलंय?" मी सांगितलं. तिला ऐकू गेलं नाही, पुन्हा म्हणाली, "काय?" मग मला ते तीन वेळा ओरडून सांगावं लागलं, सगळ्या गल्लीने ऐकलं: आली होती गं आई, पण घरी नाही आली.

ताई